ऑर्निथॉप्टर (ड्यून)

ऑर्निथॉप्टर (संक्षिप्त रूप: थॉप्टर) हे अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या विज्ञान कादंबरीतील काल्पनिक विमान आहे. ते पक्ष्याप्रमाणे पंखांची उघडझाप करून उडते; अधिक वेगासाठी त्याला जेट इंजिनांची जोड दिलेली असते. अराकिस या वाळवंटी ग्रहावर प्रवास, हवामान निरीक्षण, वाहतूक आणि युद्ध अशा अनेक कामांसाठी ऑर्निथॉप्टर वापरले जाते. त्यांपैकी हलक्या टेहळणी विमानाला कथानकात विशेष स्थान आहे. ज्या ग्रहावर उपग्रह नाहीत, स्वयंचलित विचारयंत्रे निषिद्ध आहेत आणि उघड्या वाळूवर पाऊल टाकणे प्राणघातक ठरू शकते, तेथे दूरवर पाहण्याचे हे जवळजवळ एकमेव साधन आहे. कादंबरीवर आधारित चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि व्हिडिओ गेम यांतही ऑर्निथॉप्टर निरनिराळ्या रूपांत दिसते.

नाव व व्याख्या

‘ऑर्निथॉप्टर’ हा शब्द हर्बर्ट यांनी घडवलेला नाही. पक्षी आणि पंख या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो तयार झाला असून पंख हलवून उडणाऱ्या कोणत्याही यंत्रासाठी विमानविद्येत तो आधीपासून रूढ होता. ‘हेलिकॉप्टर’ या शब्दाचा उत्तरार्धही त्याच ग्रीक मुळापासून आला आहे. कादंबरीतील पात्रे बोलताना बहुधा ‘थॉप्टर’ हे छोटे रूप वापरतात.

कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत पक्ष्यांच्या पद्धतीने पंख हलवून सलग उड्डाण करू शकणारे कोणतेही विमान, अशी ऑर्निथॉप्टरची व्याख्या दिली आहे. त्याच सूचीत ‘स्पॉटर कंट्रोल’ ही स्वतंत्र नोंद आहे. मसाल्याच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीतील पहारा व संरक्षण यांची सूत्रे ज्या हलक्या ऑर्निथॉप्टरकडे असतात, त्याला ही संज्ञा लावली जाते.

पार्श्वभूमी

१९५७ मध्ये हर्बर्ट अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या पाहण्यासाठी गेले होते. सरकणाऱ्या वाळूखाली रस्ते व वस्त्या गाडल्या जाऊ नयेत म्हणून अमेरिकेचे कृषी खाते तेथे गवताची लागवड करत होते. हर्बर्ट यांनी भाड्याच्या लहान विमानातून या टेकड्यांची पाहणी केली. त्यांनी योजलेला लेख प्रसिद्ध झाला नाही. मात्र त्यासाठी जमवलेल्या माहितीतून पुढे ‘ड्यून’ आकाराला आली. कादंबरीचा मजकूर प्रथम ‘ॲनालॉग’ या मासिकात १९६३ ते १९६५ या काळात दोन भागांत क्रमशः प्रसिद्ध झाला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपाने आला.

कथानक गिल्डच्या स्थापनेनंतरच्या १०१९१ व्या वर्षात सुरू होते. ‘मेलांज’ नावाचा मसाला केवळ अराकिस ग्रहावर मिळतो. तो आयुष्य वाढवतो आणि स्पेसिंग गिल्ड या संस्थेच्या मार्गदर्शकांना अंतराळातून सुरक्षित वाट शोधण्याची शक्ती देतो. त्यामुळे या ग्रहावरील सत्तेसाठी सरदार घराण्यांत संघर्ष चालतो. सम्राटाच्या आज्ञेने हारकोनेन घराण्याकडून अराकिसचा ताबा अट्रायडीस घराण्याकडे येतो. परंतु सम्राट आणि हारकोनेन यांनी संगनमताने अट्रायडीसांच्या नाशाचा बेत आधीच आखलेला असतो. ग्रहाच्या खोल वाळवंटात फ्रेमन हे स्थानिक लोक राहतात.

टेहळणी विमानाची गरज

इतक्या प्रगत संस्कृतीत माणसाने चालवलेल्या छोट्या विमानातून टेहळणी का करावी लागते, याची उत्तरे कादंबरीच्या रचनेतच आहेत.

पहिले कारण उपग्रहांचा अभाव हे आहे. अराकिसवर हवामान उपग्रह ठेवण्यासाठी गिल्ड अवाच्या सवा मोबदला मागते आणि त्यामुळे ते काम कधीच होत नाही. यामागचे खरे कारण वाचकाला पुढे कळते. ग्रहाच्या दक्षिण भागात फ्रेमन गुप्तपणे हिरवळ रुजवत असतात आणि ती कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते गिल्डला मसाल्याची लाच देत असतात. अशा रीतीने आकाशातील कायमचा डोळा विकत घेऊन मिटवलेला असल्याने उरते ते फक्त विमान. ते मर्यादित वेळ उडते, मर्यादित प्रदेश पाहते आणि वादळात निरुपयोगी ठरते. राज्यकर्त्यांना फ्रेमनांच्या खऱ्या संख्येचा अंदाज येत नाही, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

दुसरे कारण विचारयंत्रांवरील बंदी हे आहे. कथेच्या हजारो वर्षे आधी झालेल्या ‘बटलेरियन जिहाद’नंतर मानवी मनाची नक्कल करणारी यंत्रे बनवणे निषिद्ध ठरले. त्यामुळे स्वतः निर्णय घेणारे मानवरहित विमान या जगात असू शकत नाही. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

तिसरे कारण जमिनीचे स्वरूप हे आहे. वाळूवरील तालबद्ध कंपनांकडे सँडवर्म हे महाकाय प्राणी ओढले जातात. खोल वाळवंटात ४०० मीटरहून लांब सँडवर्म आढळल्याचा उल्लेख शब्दसूचीत आहे. संरक्षक ऊर्जाकवच सुरू केल्यास ते अधिकच पिसाळतात. त्यामुळे उघड्या वाळूवर गस्ती पथके किंवा पहाऱ्याची ठाणी ठेवता येत नाहीत.

रचना

हर्बर्ट यांनी ऑर्निथॉप्टरची तांत्रिक माहिती एका जागी दिलेली नाही. निरनिराळ्या प्रसंगांतील वर्णनांतून ती जुळवावी लागते. विमानाचे पंख लांबवता आणि आखडता येतात. उड्डाणाच्या वेळी व मंद गतीत पंखांची उघडझाप उपयोगी पडते, लांबवलेल्या पंखांवर ते घिरट्या घालत तरंगू शकते, तर वेगाने जाताना पंख आखडून जेटची शक्ती वापरली जाते. यामुळे धावपट्टीशिवाय उतरणे आणि एखाद्या ठिकाणाभोवती रेंगाळणे ही दोन्ही कामे त्याला साधतात. टेहळणीसाठी हे गुण मोलाचे ठरतात.

मोठ्या यंत्रांच्या वाहतुकीसाठी ‘कॅरीऑल’ हे वेगळे, अवाढव्य विमान वापरले जाते. अट्रायडीस घराण्याचा सल्लागार थुफिर हावात एका बैठकीत हारकोनेनांनी मागे ठेवलेल्या साधनसामग्रीचा हिशेब मांडतो. त्यात सर्वेक्षण, टेहळणी आणि हवामान निरीक्षणासाठीची सहा हजारांहून अधिक ऑर्निथॉप्टर आणि हजाराहून किंचित कमी कॅरीऑल यांचा समावेश असतो. प्रत्यक्षात ही सामग्री बरीचशी झिजलेली असते. आकडा मोठा दिसला तरी त्यावर विसंबता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

मसाला गोळा करण्यातील भूमिका

मसाला गोळा करण्याचे काम हार्वेस्टर हे यंत्र करते. शब्दसूचीनुसार ते अनेकदा १२० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असते. कामाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

टेहळणी विमाने वाळवंटावर फिरून मसाल्याचे साठे शोधतात. साठा सापडल्यावर कॅरीऑल हार्वेस्टरला उचलून तेथे आणून सोडते. हार्वेस्टरच्या कंपनांमुळे सँडवर्म येणार हे निश्चित असते; प्रश्न फक्त किती वेळाने, एवढाच असतो. म्हणून काम सुरू असेपर्यंत हलकी ऑर्निथॉप्टर भोवताली घिरट्या घालतात. वाळूखालून सरकणाऱ्या प्राण्यामुळे पृष्ठभागावर उठणारी लाट दिसताच ती हार्वेस्टरला इशारा देतात. त्यानंतर कॅरीऑल येऊन हार्वेस्टरला उचलून नेते. सँडवर्म प्रथम पाहणाऱ्याला बक्षीस देण्याची प्रथा आहे.

इशारा लवकर मिळाला म्हणून काम लगेच थांबत नाही. सँडवर्म किती दूर आहे याचा अंदाज घेऊन शेवटच्या क्षणापर्यंत मसाला काढला जातो. टेहळ्याने दिलेली मिनिटे माणसे वाचवण्यासाठी वापरायची की उत्पन्न वाढवण्यासाठी, हा निर्णय मालकाचा असतो. कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा टेहळणी प्रसंग याच प्रश्नाभोवती उभा आहे.

कादंबरीतील प्रमुख प्रसंग

हार्वेस्टरवरील बचावकार्य

अट्रायडीस घराण्याचा प्रमुख ड्यूक लेटो मसाल्याचे काम पाहण्यासाठी स्वतः ऑर्निथॉप्टर चालवत निघतो. त्याच्यासोबत मुलगा पॉल, शस्त्रगुरू गर्नी हॅलेक आणि ग्रहाचा पर्यावरणतज्ज्ञ लिएट-काइन्स असतात. काइन्स हा सम्राटाचा अधिकारी असला तरी मनाने फ्रेमन असतो. पाहणी सुरू असतानाच सँडवर्म येत असल्याचे दिसते आणि इशारा दिला जातो, परंतु कॅरीऑल येत नाही. हार्वेस्टरवर २६ माणसे असतात. हातातले काम व मसाला सोडण्यास कर्मचारी नाखूश असतात. लेटो मसाला सोडून देण्याची आज्ञा देतो आणि स्वतःचे विमान व टेहळणी विमाने वाळूवर उतरवून त्यांत माणसांना दाटीवाटीने बसवतो. थोड्याच वेळात सँडवर्म हार्वेस्टर गिळून टाकतो.

या प्रसंगात टेहळणीसाठी बांधलेली हलकी विमाने बचाव विमाने होतात आणि जादा वजनामुळे त्यांना उडणे जड जाते. लेटोला मसाल्यापेक्षा माणसांची अधिक काळजी वाटते, हे काइन्सच्या लक्षात येते आणि मनात नसतानाही त्याला ड्यूकविषयी आदर वाटू लागतो. पुढे हारकोनेनांच्या हल्ल्यानंतर काइन्स पॉल आणि त्याची आई जेसिका यांना जीव धोक्यात घालून मदत करतो. त्या निर्णयाची पूर्वतयारी या उड्डाणात झालेली आहे.

वादळातील उड्डाण

हल्ल्यात लेटो मारला जातो. पॉल आणि जेसिका काइन्सच्या संशोधन केंद्रात आश्रय घेतात, परंतु शत्रू तेथेही पोहोचतो. दोघे ऑर्निथॉप्टरमधून निसटतात आणि पाठलाग चुकवण्यासाठी पॉल विमान थेट वादळात घालतो. अराकिसवरील ‘कोरिओलिस’ वादळांत वाऱ्याचा वेग ताशी ७०० किलोमीटरपर्यंत जातो, असे शब्दसूचीत म्हटले आहे. पॉल पंख आखडतो आणि वाऱ्याशी झुंजण्याऐवजी भोवऱ्याच्या प्रवाहासोबत विमान वर जाऊ देतो. अशा वादळातून कोणी जिवंत बाहेर पडू शकत नाही, या समजुतीने पाठलाग करणारे दोघांना मृत मानतात. पॉलच्या पुढील सर्व हालचाली या चुकीच्या निष्कर्षाच्या आडोशाने होतात.

फ्रेमन आणि ऑर्निथॉप्टर

फ्रेमन विमानांवर अवलंबून नसतात. खोल वाळवंटात ते सँडवर्मवर स्वार होऊन प्रवास करतात. तथापि हाती लागलेले विमान वापरण्याची त्यांची तयारी असते. पराभवानंतर वाळवंटात अडकलेल्या हावातला याचा प्रत्यय येतो. काही फ्रेमन शत्रूचे एक ऑर्निथॉप्टर काबीज करतात आणि त्यांच्यापैकी एकजण ते सैनिकांनी भरलेल्या मोठ्या वाहक विमानावर नेऊन आदळतो. एका माणसाच्या मोबदल्यात शत्रूची एवढी हानी हा फ्रेमनांना रास्त सौदा वाटतो. त्यांच्या युद्धपद्धतीची हावातला आणि वाचकालाही येथे प्रथम स्पष्ट जाणीव होते.

लष्करी मर्यादा

ऑर्निथॉप्टरच्या मर्यादा कादंबरीत वारंवार दिसतात. पहिली मर्यादा म्हणजे ते केवळ पृष्ठभाग पाहते. फ्रेमनांच्या ‘सिएच’ या वस्त्या खडकांच्या पोटात असतात आणि त्यांचे योद्धे वाळूत दडून राहण्यात तरबेज असतात. हल्ल्यातून वाचलेला गर्नी पुढे मसाल्याची चोरटी वाहतूक करणाऱ्यांना सामील होतो. त्याची तुकडी एका साठ्यावर उतरते तेव्हा तो साठा हेच फ्रेमनांनी मांडलेले आमिष असल्याचे आकाशातून कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी मर्यादा शस्त्रास्त्रांच्या परस्परसंबंधातून येते. ‘लासगन’ या किरणशस्त्राचा मारा ऊर्जाकवचावर झाल्यास अणुस्फोटासारखा विध्वंस होतो आणि त्यात मारा करणाराही वाचत नाही. त्यामुळे हवाई हल्ल्यात लासगन वापरताना समोर कवच नाही याची खात्री असावी लागते.

तिसरी आणि निर्णायक मर्यादा हवामानाची आहे. अखेरच्या लढाईत पॉल अण्वस्त्रांनी ‘शील्ड वॉल’ या डोंगररांगेला भगदाड पाडतो आणि मोठे वादळ आत घुसते. वाळूतील विद्युतभारामुळे शत्रूच्या यानांची कवचे निकामी होतात, विमाने उडू शकत नाहीत आणि धुळीच्या पडद्याआडून फ्रेमन सँडवर्मवर बसून चाल करतात. आकाशातून काहीच दिसत नसताना, वाळवंट जमिनीवरून ओळखणाऱ्यांचा विजय होतो.

चित्रपट व मालिका

डेव्हिड लिंच यांच्या १९८४ मधील ‘ड्यून’ चित्रपटात ऑर्निथॉप्टर हे नाव कायम असले तरी विमानाचे पंख हलत नाहीत. ते जाड, धातूच्या ठोकळ्यासारखे दिसते. २००० मध्ये कादंबरीवर तीन भागांची दूरचित्रवाणी मालिका आली.

दनी विलनव्ह यांच्या ‘ड्यून’ (२०२१) आणि ‘ड्यून: पार्ट टू’ (२०२४) या चित्रपटांमुळे ऑर्निथॉप्टरचे सर्वांत परिचित रूप तयार झाले. यात विमानाची रचना चतुर (ड्रॅगनफ्लाय) या कीटकावर बेतलेली असून लांब, अरुंद पंख अतिशय वेगाने हलतात. निर्मिती-संकल्पनेची जबाबदारी पात्रिस व्हर्मेट यांच्याकडे होती. जॉर्डनमधील चित्रीकरणासाठी पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या. दृश्य परिणामांचे मुख्य काम ‘डीएनईजी’ या लंडनमधील कंपनीने केले. २०१४ मध्ये ही कंपनी मुंबईत सुरू झालेल्या ‘प्राइम फोकस’ समूहात विलीन झाली होती. २०२१ च्या चित्रपटाला मिळालेल्या सहा ऑस्कर पुरस्कारांत निर्मिती-संकल्पना आणि दृश्य परिणाम यांच्या पुरस्कारांचा समावेश आहे.

या चित्रपटात हार्वेस्टरच्या प्रसंगात थोडा बदल केला आहे. कॅरीऑल येते, परंतु त्याची पकड यंत्रणा बिघडते आणि हार्वेस्टर उचलता येत नाही. दुसऱ्या भागात हार्वेस्टरचे रक्षण करणाऱ्या हारकोनेन ऑर्निथॉप्टरवर पॉल आणि चानी ही फ्रेमन योद्धी जमिनीवरून हल्ला करतात. येथे प्रेक्षक विमानाकडे प्रथमच त्याच्यापासून लपणाऱ्यांच्या नजरेतून पाहतो.

खेळ

१९९२ मध्ये ‘क्रायो’ या फ्रेंच कंपनीने काढलेल्या ‘ड्यून’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू ऑर्निथॉप्टरने ग्रहावर फिरतो. त्याच वर्षीच्या वेस्टवूड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’ मध्ये ते हल्ला करणारे विमान असून त्याचे थेट नियंत्रण खेळाडूकडे नसते. ‘ड्यून: स्पाइस वॉर्स’ या डावपेचांच्या खेळात मात्र ऑर्निथॉप्टरचे मुख्य काम अज्ञात प्रदेश धुंडाळण्याचे आहे. ‘ड्यून: अवेकनिंग’ (२०२५) या ऑनलाइन खेळात खेळाडू स्वतः ऑर्निथॉप्टर बांधतो व त्यांत हलक्या टेहळणी विमानाचा वेगळा प्रकार आहे. २०२४ मध्ये लेगो कंपनीने १,३६९ तुकड्यांचा ऑर्निथॉप्टर संच विक्रीस आणला.

वास्तवातील ऑर्निथॉप्टर

पंख हलवून उडणाऱ्या यंत्रांची रेखाटने लिओनार्दो दा विंची यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस केली होती. माणूस वाहून नेणारे असे विमान प्रत्यक्षात उतरवणे मात्र फार कठीण ठरले. आकार वाढतो तसे पंखांचे वजन त्यांच्या क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढते. जड पंख प्रत्येक हेलकाव्यात थांबवून उलट दिशेने फिरवण्यात बरीच शक्ती खर्च होते आणि सांध्यांवर मोठा ताण येतो.

कॅनडातील टोरंटो विद्यापीठात जेम्स डेलॉरियर यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेले इंजिनाचे ऑर्निथॉप्टर २००६ मध्ये सुमारे १४ सेकंद उडाले. त्याला लहान जेट इंजिनाचे साहाय्य होते. त्याच विद्यापीठातील ‘स्नोबर्ड’ हे मानवी शक्तीवर चालणारे विमान २०१० मध्ये १९.३ सेकंदांत १४५ मीटर गेले. त्याच्या पंखांचा विस्तार ३२ मीटर होता.

लहान आकारात परिस्थिती उलट आहे. अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेसाठी एरोव्हायरनमेंट कंपनीने २०११ मध्ये ‘नॅनो हमिंगबर्ड’ हे यंत्र सादर केले. त्याच्या पंखांचा विस्तार १६ सेंटिमीटर आणि कॅमेऱ्यासह वजन १९ ग्रॅम आहे. हर्बर्ट यांनी पंख हलवणाऱ्या विमानाला दिलेले टेहळणीचे काम वास्तवातही शक्य झाले आहे. फक्त त्या विमानात वैमानिकासाठी जागा उरलेली नाही.

हेही पहा

ड्यून (कादंबरी)
फ्रँक हर्बर्ट
अराकिस
हेलिकॉप्टर
मानवरहित विमान